लाल पाणी, हिरवा दिवा: बोअरच्या पाण्यातील लोह मोजण्यासाठी घरी बांधलेल्या वर्णमापीचे प्रकरण

गुहागर तालुक्याच्या किनारपट्टीवर, वेळणेश्वर आणि हेदवीच्या आसपासच्या एका वाडीत, माझ्या परिचयातील एक कुटुंब पर्यटकांसाठी चार खोल्यांची घरगुती निवासव्यवस्था चालवते. घरामागे जांभ्यात खोदलेली जुनी विहीर आहे. तिचे पाणी गोड आणि नितळ आहे, परंतु एप्रिलच्या मध्यानंतर तिचा तळ दिसू लागतो, आणि पर्यटकांची गर्दी नेमकी तेव्हाच असते. म्हणून त्यांनी १८० फूट खोल बोअर मारली. पाणी भरपूर लागले. ते पंपातून बाहेर पडताना काचेसारखे स्वच्छ दिसे, बादलीत तासाभराने पिवळसर होई आणि दुसऱ्या दिवशी बादलीच्या तळाशी विटकरी गाळ बसलेला असे. खोल्यांतील पांढऱ्या चादरी महिन्याभरात तांबूस झाल्या. डाग जावेत म्हणून चादरी ब्लिचिंग पावडरच्या पाण्यात भिजवल्या, तेव्हा ते अधिकच पक्के झाले, कारण क्लोरीनमुळे पाण्यातील उरलेसुरले लोहही कापडाच्या धाग्यातच गंजून बसते.

घरातील आजींनी याचे निदान आमच्या आधीच केले होते. विहिरीच्या पाण्याचा कोरा चहा लाल होतो आणि बोअरच्या पाण्याचा काळा होतो, एवढेच त्या सांगत होत्या. चहातील टॅनिनचा लोहाशी संयोग होऊन काळपट निळे संयुग तयार होते. हिरड्याच्या काढ्यात लोखंड टाकून शाई करण्यामागेही हीच क्रिया आहे. आजी म्हणत होत्या ते रंगावरून केलेले रासायनिक विश्लेषणच होते. त्यात फक्त आकडा नव्हता.

आकडा मिळावा म्हणून घरच्यांनी धुतलेल्या बाटलीत पाणी भरून, तवसाळहून जयगडच्या फेरीबोटीने खाडी ओलांडून, जिल्ह्याच्या ठिकाणी एका प्रयोगशाळेत दिले. नमुना तेथे पोहोचून तपासला जाईपर्यंत दोन दिवस गेले होते. अहवालात लोहाचे प्रमाण लिटरमागे ०.४ मिलिग्रॅम आले. भारतीय मानक १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत पिण्याच्या पाण्यातील लोहाची मर्यादा ०.३ मिलिग्रॅम होती आणि २०१५ च्या दुरुस्तीने ती १.० करण्यात आली. म्हणजे कागदावर हे पाणी निर्दोष ठरत होते, आणि चादरी मात्र उलटी साक्ष देत होत्या.

घराचे मालक तो अहवाल घेऊन माझ्याकडे आले. माझी सारी नोकरी रसायनशास्त्र शिकवण्यात गेली आहे. "सर, प्रयोगशाळा चुकली की आम्ही चुकलो?" असा त्यांचा थेट प्रश्न होता. प्रयोगशाळा चुकली नव्हती. तिने बाटलीतील पाणी तपासले होते आणि बाटलीतील पाणी आता बोअरचे पाणी राहिले नव्हते.

जांभा म्हणजे लोह आणि ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांचा दगड. उघड्या विहिरीत हवा खेळती असल्यामुळे हे लोह फेरिक स्वरूपात, म्हणजे न विरघळणाऱ्या स्वरूपात, दगडातच राहते. खोल बोअरमध्ये प्राणवायू पोहोचत नाही. तेथे लोह फेरस होऊन पाण्यात विरघळते आणि पाणी नितळ दिसूनही लोहाने भरलेले असते. ते वर आले की हवेतील प्राणवायूने त्याचे फेरिक हायड्रॉक्साइड बनते आणि गाळ बसतो. दोन दिवसांच्या प्रवासात हा गाळ बाटलीच्या तळाशी आणि भिंतींना चिकटला असणार आणि तपासणीसाठी वरचे नितळ पाणी घेतले गेले असणार, असा माझा तर्क होता. नमुना घेतानाच त्यात थोडे शुद्ध आम्ल घातले असते तर लोह विरघळलेलेच राहिले असते. ते घालायचे असते हे पाणी भरणाऱ्याला ठाऊक नव्हते आणि त्याला कोणी सांगितलेही नव्हते.

तर्क सिद्ध करायचा तर मोजमाप नळापाशीच व्हायला हवे होते. शिवाय घरच्यांनी तोवर एक गाळणी बांधली होती. पाणी उंचावरच्या भोके पाडलेल्या पाइपातून २०० लिटरच्या पिंपात पडे, तेथून वाळू भरलेल्या दुसऱ्या पिंपातून जाई आणि मग साठवणीच्या टाकीत येई. तिच्याने उपयोग होतो की नाही, वाळू कधी धुवायची, हे ठरवायला दर दोन-चार दिवसांनी आकडा लागणार होता. दर वेळी फेरीबोट गाठणे शक्य नव्हते. म्हणून आम्ही, म्हणजे मी आणि त्या घरातील बारावीत शिकणारी मुलगी, वर्णमापी, म्हणजे द्रावणाच्या रंगावरून त्यातील पदार्थाचे प्रमाण सांगणारे उपकरण, बांधायला घेतली.

तत्त्व आणि अभिकारकाची निवड

वर्णमापीचे तत्त्व जुने आहे. रंगीत द्रावणातून प्रकाश जाताना तो द्रावणाच्या जाडीनुसार ठरावीक पटीत घटत जातो, हे बूगेर यांनी १७२९ मध्ये आणि लँबर्ट यांनी १७६० मध्ये मांडले. द्रावणाच्या संहतीबाबतही, म्हणजे त्यात विरघळलेल्या पदार्थाच्या प्रमाणाबाबतही, हेच घडते, हे बेअर यांनी १८५२ मध्ये दाखवले. शुद्ध पाण्यातून येणारा प्रकाश आणि रंगीत द्रावणातून येणारा प्रकाश यांच्या भागाकाराचा दहाच्या पायाचा लॉगॅरिदम म्हणजे शोषणांक, आणि हा शोषणांक संहतीच्या सरळ प्रमाणात वाढतो. म्हणजे एक स्थिर दिवा, एक प्रकाशसंवेदक, त्यांच्या मध्ये एक कुपी आणि बाहेरचा प्रकाश आत न येऊ देणारी पेटी एवढे असले की उपकरण झाले. प्रत्यक्षात यातील प्रत्येक शब्दाने आमचा एकेक आठवडा घेतला.

लोहाशी संयोग होऊन रंग देणाऱ्या रसायनांपैकी, म्हणजे अभिकारकांपैकी, थायोसायनेट स्वस्त पडते आणि त्याचा रक्तासारखा रंग मुलांना आवडतो. मात्र तो रंग उभ्या उभ्या फिका होत जातो, आणि थायोसायनेटचा रंग फक्त फेरिक लोहाशी येतो. आम्ही १,१०-फेनँथ्रोलिन निवडले. त्याचे तीन रेणू फेरस लोहाच्या एका आयनाला धरतात आणि नारिंगी-लाल संयुग बनते. त्याचा रंग दिवसभरात फारसा हलत नाही. हे संयुग सर्वांत जास्त प्रकाश शोषते ते ५१० नॅनोमीटर तरंगलांबीजवळ, म्हणजे निळसर हिरव्या रंगात. एक सेंटिमीटर जाडीच्या द्रावणात लिटरमागे एक मिलिग्रॅम लोह असेल तर शोषणांक सुमारे ०.२ येतो. घरगुती उपकरणाला एवढे पुरेसे आहे. शिवाय फेनँथ्रोलिनचा रंग फक्त फेरस लोहाशी येतो. नमुन्यात आधी क्षपणकारक, म्हणजे फेरिकचे फेरस करणारे रसायन, घातले तर एकूण लोह कळते आणि न घालता मोजले तर केवळ फेरस कळते. हा फरक पुढे फार उपयोगी पडला.

क्षपणकारक म्हणून प्रयोगशाळांत हायड्रॉक्सिलअमाइन वापरतात. ते विषारी असल्यामुळे आम्ही त्याऐवजी ॲस्कॉर्बिक आम्लाची, म्हणजे क जीवनसत्त्वाची, शुद्ध पूड घेतली. औषधाच्या दुकानातील चघळण्याच्या नारिंगी गोळ्या येथे चालत नाहीत, कारण त्यांचा रंगच मोजमापात येतो.

बांधणी

पेटीसाठी नळजोडणीतला पीव्हीसीचा टी घेतला. आडव्या नळीच्या एका टोकाला दिवा आणि दुसऱ्या टोकाला संवेदक बसवला, आणि उभ्या तोंडातून कुपी आत सोडायची अशी रचना केली. पीव्हीसीचा पांढरा किंवा करडा पाइप उन्हात धरून पाहिला तर त्यातून प्रकाश झिरपताना दिसतो, म्हणून आतून काळा मॅट रंग दिला आणि बाहेरून मोडक्या छत्रीचे काळे कापड दुहेरी गुंडाळले. कोकणात हे कापड विकत घ्यावे लागत नाही. वर काळी टोपी बसवली. टोपी घालून आणि काढून, दिवा बंद ठेवून, संवेदकाचा आकडा बदलतो का हे ओसरीवर आणि अंगणात दोन्हीकडे पाहिले. अंगणात तो बदलत होता, म्हणून पुढची सर्व मोजमापे ओसरीवरच केली.

पहिली चूक दिव्यात झाली. दुकानातून आणलेली हिरवी एलईडी जुन्या प्रकारची होती. तिचा पिवळट हिरवा प्रकाश ५६५ नॅनोमीटरच्या आसपासचा असतो, आणि तेथे आमचे नारिंगी संयुग जवळजवळ काहीच शोषत नाही. डोळ्यांना द्रावण लालभडक दिसत होते आणि मीटरचा काटा मात्र जेमतेम हलत होता. मुलीला वाटले की संवेदक बिघडला. पारदर्शक आवरणाच्या, झगझगीत हिरव्या प्रकाशाच्या नव्या प्रकारच्या एलईडीचा प्रकाश ५२५ नॅनोमीटरच्या जवळ असतो. ती बसवताच तेच द्रावण कित्येक पट जास्त शोषू लागले. दोन्ही दिव्यांना दुकानदार हिरवेच म्हणतो. डोळाही तसेच म्हणतो.

संवेदक म्हणून शालेय प्रकल्पांत बहुधा एलडीआर, म्हणजे उजेडानुसार रोध बदलणारा घटक, वापरतात. तो स्वस्त असला तरी त्याचा रोध प्रकाशाच्या सरळ प्रमाणात बदलत नाही, आणि आधी तो उजेडात होता की अंधारात याचा परिणाम पुढची काही मिनिटे टिकतो. आम्ही बीपीडब्ल्यू-३४ हा फोटोडायोड घेतला, कारण त्याचा विद्युत्प्रवाह प्रकाशाच्या सरळ प्रमाणात असतो. त्याच्या दोन टोकांमध्ये एक रेझिस्टर जोडून त्यावरचा विद्युत्दाब (व्होल्टेज) साध्या मल्टिमीटरने मिलिव्होल्टमध्ये वाचायचा, एवढाच आमचा विद्युत्पथ. प्रवर्धक नाही, संगणक नाही.

या साधेपणात एक फसगत आहे. मोठा आकडा मिळावा म्हणून आम्ही सुरुवातीला एक मेगाओहमचा रेझिस्टर लावला. संवेदक खरोखर सरळ प्रमाणात चालतो का हे पाहण्यासाठी त्याच्यासमोर दोन एलईडी ठेवल्या आणि एकटी पहिली, एकटी दुसरी व दोन्ही मिळून असे आकडे घेतले. पहिलीचा २२१ मिलिव्होल्ट, दुसरीचा २१८ आणि दोन्हींचा मिळून २३८ आला. दोन दिवे लावल्यावर उजेड दुप्पट व्हायला हवा, येथे तो जेमतेम वाढला. कारण असे की दाब दोन-अडीचशे मिलिव्होल्टपर्यंत चढला की डायोडमध्ये तयार झालेला प्रवाह त्याच्याच आत परत वाहू लागतो. शंभर किलोओहमचा रेझिस्टर लावल्यावर तेच आकडे ४१.२, ३७.५ आणि ७८.६ आले. वर्णमापी बांधणाऱ्याने कोणत्याही रसायनाला हात लावण्यापूर्वी ही दोन दिव्यांची चाचणी करावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. अनेक घरगुती उपकरणांतील वाकडे आलेख रसायनाच्या नावावर खपवले जातात आणि दोष असतो तो या रेझिस्टरचा.

दिव्याचा प्रकाश स्थिर राहण्यासाठी वीज स्थिर हवी. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडील घरगुती विजेवर भिस्त ठेवणे शक्य नव्हते, म्हणून मोबाइलची पॉवर बँक जोडून पाहिली. दर अर्ध्या मिनिटाने दिवा विझू लागला. पाच-सहा मिलिअँपिअर इतका क्षीण भार पाहून पॉवर बँकेला फोन काढून घेतल्यासारखे वाटते आणि ती स्वतःला बंद करते. अखेर सहा पेन्सिल सेल, ७८०५ हा दाबनियामक आणि एलईडीच्या वाटेत ३३० ओहमचा रेझिस्टर अशी जोडणी कायम केली. सेलचा एकूण दाब साडेसात व्होल्टच्या खाली गेला की ते बदलायचे. दिवा लावल्यावर दहा मिनिटे काहीही मोजायचे नाही, कारण एलईडी तापत असताना तिचा प्रकाश थोडा थोडा उतरत जातो. जूनमध्ये सेलच्या डब्याच्या स्प्रिंगा खाऱ्या हवेने गंजल्या आणि आकडे नाचू लागले. लोह मोजणाऱ्या यंत्रालाच गंजाने गाठावे, याची घरात बरीच थट्टा झाली. पुढे तारा थेट डाख देऊन जोडल्या.

कुपी म्हणून दहा मिलिलिटरची इंजेक्शनची रिकामी काचेची कुपी घेतली. गोल कुपी भिंगासारखी वागते आणि ती किंचित फिरवली तरी आकडा बदलतो, म्हणून तिच्यावर नखांच्या रंगाने खूण केली आणि ती खूण नेहमी दिव्याकडे ठेवली. सगळी द्रावणे त्याच एका कुपीत मोजली. बाहेरून ती दर वेळी जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्याने पुसली, कारण दमट हवेत काचेवर बोटांचे ठसे आणि बाष्प दोन्ही धरतात. मल्टिमीटर सोडला तर सर्व सामान पाचशे रुपयांच्या आत बसले.

प्रमाण द्रावणे

लोहाचे प्रमाण द्रावण मोहरच्या मिठापासून, म्हणजे फेरस अमोनियम सल्फेटपासून, करता येते. त्याचे ०.७०२ ग्रॅम स्फटिक किंचित आम्ल घातलेल्या एक लिटर पाण्यात विरघळवले की लिटरमागे १०० मिलिग्रॅम लोहाचे द्रावण मिळते. एवढे अचूक वजन घरातल्या काट्यावर होत नाही. ते गुहागरच्या बाजारपेठेत एका सराफाच्या मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर करून आणले. फिकट हिरवे खडे पाहून सराफाने दोनदा विचारले की हे नक्की काय आहे. मूळ द्रावणातून ०.५ ते ५ मिलिग्रॅमपर्यंतची पातळ द्रावणे केली. त्यासाठीचे पाणी गॅरेजमधून आणले. बॅटरीत घालायचे हे पाणी क्षारमुक्त असते, परंतु ते तसे आहे ही केवळ बाटलीवरची जाहिरात नाही ना, हे कोऱ्या चाचणीने तपासून घेतले.

त्या कोऱ्या चाचणीने आमची दुसरी चूक पकडली. लोह नसलेल्या पाण्यातही फिकट नारिंगी रंग येत होता. संशय आधी पाण्यावर गेला, परंतु दोषी निघाले आम्ल. हार्डवेअरच्या दुकानात फरशी धुण्यासाठी मिळणाऱ्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा पिवळेपणा बहुधा त्यातील लोहामुळेच असतो. तेच आम्ल लोहाच्या चाचणीत वापरणे म्हणजे तराजूच्या पारड्यात आपलाच हात ठेवून वजन करणे होय. त्यानंतर शुद्ध दर्जाचे आम्ल मागवले.

पद्धत अशी ठरली. मोजून २० मिलिलिटर नमुना घ्यायचा. त्यात निम्मे पाणी घालून पातळ केलेले हायड्रोक्लोरिक आम्ल अर्धा मिलिलिटर घालायचे. पातळ करताना आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीच नाही. गाळ विरघळावा म्हणून हे मिश्रण कढत पाण्यात पंधरा मिनिटे ठेवायचे. निवल्यावर चिमूटभर ॲस्कॉर्बिक आम्ल, मग २५ टक्के सोडियम ॲसिटेटचे द्रावण दोन मिलिलिटर आणि ०.१ टक्का फेनँथ्रोलिन दोन मिलिलिटर घालून एकूण आकारमान २५ मिलिलिटर करायचे. ॲसिटेटमुळे सामू (पीएच) चारच्या आसपास येतो आणि त्या सामूला रंग लवकर व पुरता येतो. दहा मिनिटांनी वाचन. प्रमाण द्रावणांवरही नेमकी हीच प्रक्रिया करायची, म्हणजे पातळ होण्याचा हिशेब वेगळा मांडावा लागत नाही. फेनँथ्रोलिन पोटात गेले तर अपायकारक आहे आणि जलचरांनाही ते घातक आहे. म्हणून वापरलेली द्रावणे परसात किंवा पऱ्यात (ओढ्यात) न ओतता झाकणाच्या डब्यात साठवली. तो डबा पुढे एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील टाकाऊ रसायनांत दिला.

कोऱ्या द्रावणाचे वाचन ९२.४ मिलिव्होल्ट आले. एक मिलिग्रॅमचे ४९.६, दोनचे २६.६ आणि तीनचे १४.३. यांचे शोषणांक ०.२७, ०.५४ आणि ०.८१ असे समान पावलांनी चढले, तेव्हा मुलीने आलेखावर पट्टी ठेवून रेघ ओढली आणि तिला ती पट्टी हलवावी लागली नाही. चार मिलिग्रॅमला मात्र शोषणांक १.०८ ऐवजी १.०३ आला आणि पाचला १.३५ ऐवजी १.२३. ही रेघ वाकणे अपेक्षितच होते. एलईडीचा प्रकाश एकाच तरंगलांबीचा नसतो. त्याचा पट्टा तीसेक नॅनोमीटर रुंद असतो, आणि द्रावण दाट झाले की या पट्ट्यातला कमी शोषला जाणारा भाग आणि कुपीला वळसा घालून जाणारा थोडा चुकार प्रकाश हेच संवेदकापर्यंत जास्त पोहोचतात. वाकलेल्या रेघेला गणिताने सरळ करण्यापेक्षा, तीन मिलिग्रॅमच्या वरचा नमुना निम्मा पातळ करून पुन्हा मोजायचा, असा नियम आम्ही केला.

मोजमापे

पहिली परीक्षा बाटलीची. नळावरून एकाच वेळी तीन नमुने घेतले. पहिला लगेच मोजला, त्याचे उत्तर ३.२ मिलिग्रॅम आले. दुसऱ्यात जागेवरच आम्ल घालून तो दोन दिवस ठेवला, त्याचे ३.१. तिसरा काहीही न घालता झाकण लावून दोन दिवस ठेवला आणि न हलवता वरचे पाणी काढून मोजले, त्याचे ०.५. त्याच तिसऱ्या बाटलीतील उरलेल्या पाण्यात आम्ल घालून, बाटली खळखळवून, कढत पाण्यात ठेवून मोजल्यावर हरवलेले लोह गाळासकट परत मिळाले. अहवालातील ०.४ चा उलगडा झाला. मालकांनी पुढचा नमुना आम्ल घालून त्याच प्रयोगशाळेत पाठवला. तिचे उत्तर ३.४ आले आणि त्याच दिवशीचे आमचे ३.२ होते. पाचशे रुपयांच्या नळीकडून मी याहून जास्त जवळीक मागितली नसती.

दुसरी परीक्षा गाळणीची, आणि या प्रकरणाचा खरा गाभा तीच आहे. वाळूतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात अजून २.१ मिलिग्रॅम लोह होते. घरच्यांचा कल वाळूचा थर वाढवण्याकडे होता, आणि एका जाणत्या नळकारागिराने अधिक बारीक वाळूचा सल्ला दिला होता. आम्ही त्याच पाण्याचा दुसरा भाग गरम न करता, ॲस्कॉर्बिक आम्ल न घालता मोजला. हे वाचन लगेच घ्यावे लागते, कारण प्रकाशात ठेवले तर जास्तीचे फेनँथ्रोलिन फेरिकलाही हळूहळू फेरस करू लागते. उत्तर १.९ आले. म्हणजे गाळणीतून निसटणारे जवळजवळ सर्व लोह अजून विरघळलेलेच होते. वाळू कितीही बारीक घेतली तरी विरघळलेले मीठ जसे तिच्यात अडकत नाही, तसे हेही अडकणार नव्हते. वाळूचा दोष नव्हता. तिच्यापर्यंत पकडण्याजोगा गाळ पोहोचतच नव्हता.

प्राणवायूची कमतरता होती का? एक मिलिग्रॅम फेरस लोहाला सुमारे ०.१४ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो, आणि हवेत नीट शिंपडलेल्या पाण्यात आपल्याकडील उष्ण हवामानातही लिटरमागे सातआठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. म्हणजे प्राणवायू हवा त्याच्या कित्येक पट होता. कमी पडत होता वेळ. फेरस लोहाचे प्राणवायूशी संयोग पावणे पाण्याच्या सामूवर विलक्षण अवलंबून असते, आणि सामू एका अंकाने उतरला की हा वेग सुमारे शंभर पटींनी घटतो. सात सामूला जे काम मिनिटांत होते त्याला सहा सामूला तास लागतात. सामूच्या पट्टीवर बोअरचे पाणी सहाच्या आसपास दिसत होते, आणि पहिल्या पिंपात ते जेमतेम तासभर थांबत होते.

उपाय खाडीकाठी पडलेला होता. तिसऱ्या आणि कालवे या खाण्याच्या जातींच्या शिंपल्यांचे ढीग आमच्याकडे प्रत्येक खाडीवर असतात, आणि शिंपले म्हणजे जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट. शिंपल्यांची भट्टी लावून चुना पाडण्याची रीत किनाऱ्यावर जुनी आहे. आम्हाला भट्टीची गरज नव्हती, कारण भाजलेला चुना सामू वाजवीपेक्षा फार चढवतो आणि कच्चा शिंपला तो हळूहळू सातच्या जवळ नेऊन सोडतो. चार घमेली शिंपले उकळून, घासून, खारटपणा जाईपर्यंत धुऊन, फोडून पहिल्या पिंपात भरले आणि शिंपडलेले पाणी त्यांच्यातून जाईल असे केले. तिसऱ्या दिवशी पिंपातून निघणाऱ्या पाण्याचा सामू सातच्या आसपास आला होता आणि पाणी गढूळ तांबूस झाले होते. ते पाहून घरातील मंडळी धास्तावली, आम्हाला मात्र तेच हवे होते. वाळूच्या पलीकडचे वाचन ०.२ मिलिग्रॅम आले.

वाळू आता खरोखर काम करू लागल्यामुळे ती तुंबू लागली. यापूर्वी ती महिनोन्महिने धुवावी लागत नव्हती, कारण तिच्यात काही अडकतच नव्हते. आता पाचव्या-सहाव्या दिवशी प्रवाह मंदावे, आणि त्याच सुमारास वाचन ०.३ च्या वर सरके. पाचव्या दिवशी वाळू उलट्या प्रवाहाने धुवायची असे ठरले.

पाचव्या आठवड्यात, वाळू नुकतीच धुतलेली असताना, वाचन अचानक ०.९ झाले. फेरस वेगळे मोजल्यावर ते ०.७ निघाले, म्हणजे दोष वाळूकडे नसून पुन्हा पहिल्या पिंपाकडे होता. शिंपले बाहेर काढले तेव्हा प्रत्येक तुकड्यावर विटकरी साय धरलेली दिसली. लोहाच्या गाळाने शिंपल्यांना कवच घातले होते आणि आतला कार्बोनेट पाण्यापर्यंत पोहोचत नव्हता. शिंपले गोणपाटावर घासून पुन्हा भरले, तेव्हा दोन दिवसांत वाचन ०.३ वर आले. एकच एकूण आकडा हाती असता तर पुन्हा वाळूवरच संशय गेला असता.

उपकरणाच्या मर्यादा आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवल्या आहेत. ०.१ मिलिग्रॅमच्या खालचा आकडा आम्ही आकडा मानत नाही, कारण एवढा फरक कुपी पुसण्यातही पडतो. प्रमाण द्रावणाचे एक वाचन दर वेळी आधी घ्यायचे आणि ते मागच्या वेळेपेक्षा पाच टक्क्यांहून अधिक हलले असेल तर त्या दिवशी नमुना मोजायचा नाही. या आकड्यांना प्रमाणपत्राची किंमत नाही. पाणी पिण्यायोग्य आहे की नाही हे लोहावरून ठरतही नाही, म्हणून पाहुण्यांच्या पिण्यासाठी विहिरीचेच पाणी उकळून देतात आणि जंतूंची तपासणी स्वतंत्रपणे करून घेतात.

मेमध्ये पाण्याची पातळी खाली गेली तेव्हा बोअरचे कच्चे वाचन ३.८ पर्यंत चढले. पहिल्या मोठ्या पावसानंतर तीन आठवड्यांनी ते ३.१ झाले. हा उतार पावसाचा की उपसा कमी झाल्याचा, हे एका वर्षाच्या नोंदीवरून सांगता येत नाही. वहीत आता मुलीच्या हातचे आकडे आहेत. आजी आजही चहाचा रंग पाहतात, आणि शिंपले घासायची वेळ झाली हे त्यांना बहुतेक वेळा वहीच्या एखादा दिवस आधी कळते.